‘माझं किती आलं?’ : शारीरिक शिक्षणातल्या संशोधन मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांतले शारीरिक शिक्षण व क्रीडाविज्ञान विषयाचे सर्व संशोधन मार्गदर्शक
आणि त्या विद्यापीठांच्या एथिक्स कमिट्यांचे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या समित्यांचे, सदस्य यांस,

स. न. वि. वि.

माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत मी गेली बावीस वर्षं खेळ शिकवते. त्याआधी दहा-बारा वर्षं स्वतः खो-खो खेळले. म्हणजे संशोधकांच्या फूटपट्टीखाली आधी मी उभी राहिले आणि नंतर माझ्या मुलामुलींना उभं केलं. तुमचे पीएच.डी.चे, एम.पी.एड.चे विद्यार्थी आमच्याकडे दर वर्षी येतात. गणपती झाले की फोन सुरू होतात. "मॅडम, चौदा ते सोळा वयाच्या तीस मुली मिळतील का?" मी हो म्हणते. फक्कीनं वीस मीटरवर दोन रेघा मारून देते, वर्गशिक्षकांच्या विनवण्या करून दोन तास मागून घेते, मुलींना ओळीत बसवते.

मोजमाप झालं की प्रत्येक मूल एकच प्रश्न विचारतं. उंची असो, पकडीची ताकद असो, दंडाची कातडी चिमट्यात धरून मोजलेली चरबी असो, यंत्र बाजूला होताच ते वहीत डोकावतं आणि म्हणतं, "सर, माझं किती आलं?" संशोधक वही मिटून म्हणतो, "नंतर सांगतो." बावीस वर्षांत हे ‘नंतर’ माझ्या मैदानावर आपणहून एकदाही उगवलेलं नाही. ते का उगवत नाही, हे तुम्हाला विचारायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

२०१६ ची गोष्ट. नववीत एक मुलगी होती. पाठलागात चपळ, खुंटावर सूर मारायला न घाबरणारी. पण दोन-तीन मिनिटांत तिला धाप लागायची आणि तोंड पांढरं पडायचं. मी तिला आळशी समजत होते. "अंगात दमच नाही तुझ्या," असं मी तिला चारचौघांत बोलले आहे, आणि एकदाच नाही. त्या वर्षी जो संशोधक आला त्याच्याकडे हिमोग्लोबिन मोजायचं छोटं यंत्र होतं. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा दिसतो. तीस मुलींचं हिमोग्लोबिन घेऊन झालं आणि त्याच सकाळी त्यांची बीप टेस्टही झाली. ती काय असते हे तुम्हाला सांगायला नको. दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा, ताशी साडेआठ किलोमीटरनं सुरुवात, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वाढ, आणि पाय थांबेपर्यंत पळत राहायचं. ही मुलगी चौथ्या टप्प्याला रेघेवरच खाली बसली. मी लिंबूपाणी दिलं. संशोधकानं वहीत टप्पा लिहिला. दहावीत तिनं खेळ सोडला.

सहा वर्षांनी मी शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, दुसरंच काही शोधत होते, तेव्हा तो प्रबंध समोर आला. आपली शाळा कुठे दिसते का म्हणून परिशिष्टं उघडली. ‘मूळ प्राप्तांक’ असं शीर्षक, खाली तक्ता. अनुक्रमांक, खेळाडूचं नाव, वजन, चरबीचं प्रमाण, हिमोग्लोबिन, बीप टेस्टचा टप्पा. तेविसाव्या ओळीत तिचं पूर्ण नाव होतं आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यात ७.८.

बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. हा आकडा त्या सकाळी संशोधकाच्या हातात होता. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. "मॅडम, हिला आज पळवू नका, डॉक्टरांना दाखवा," एवढं त्यानं म्हणायचं होतं. ते न म्हणता त्यानं तिला पळवलं, आकडा सरासरीत मिसळला आणि चौथ्या प्रकरणात लिहिलं की ग्रामीण खेळाडू मुलींचं हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा कमी आढळलं. निष्कर्ष खराच आहे. देशात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानंही दाखवलं. पण जिच्या रक्तातून हा निष्कर्ष निघाला, तिच्या घरी त्यातलं अवाक्षर पोचलं नाही. तिची आई तिला ‘खायचे नखरे’ म्हणून रागावत राहिली आणि मी ‘दम नाही’ म्हणून. तीव्र रक्तक्षय असलेल्या मुलीला दम कुठून असणार?

माझीही चूक आहे. मी तिथेच उभी होते. त्या वहीत डोकवायचा मला पूर्ण हक्क होता आणि मी डोकावले नाही, कारण पीएच.डी. करणाऱ्या माणसाला आपण काय विचारायचं, असं मला वाटलं.

आपल्या मराठी प्रबंधांत अशा मुलांसाठी ‘प्रयुक्त’ हा शब्द रूढ आहे. मी तो इतक्या वेळा वाचला, की त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता. प्रयुक्त म्हणजे वापरलेला. सगळी मिळून झाली की ती ‘न्यादर्श’, म्हणजे नमुना, होतात. जागतिक वैद्यकीय संघटनेनं माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा २०२४ मध्ये पुन्हा दुरुस्त केला, तेव्हा या माणसांना ‘सहभागी’ म्हणायचं ठरवलं. तुमच्या विभागातल्या पुढच्या प्रबंधापासून एवढा एक शब्द बदललात तरी मला आनंद होईल. ‘सहभागी’ लिहिताना निदान हाताला जाणवेल की समोरच्याला विचारायचं राहिलं आहे.

विचारायचं म्हणजे कुणाला, हेही बोलायला हवं. आमच्याकडे परवानगीची पद्धत ठरलेली आहे. मुख्याध्यापकांच्या नावे टाइप केलेला एक अर्ज येतो, ‘आपल्या शाळेतील ३० विद्यार्थिनींची चाचणी घेण्यास परवानगी मिळावी’. शिक्का बसतो, सही होते. पुढे प्रबंधात हाच कागद ‘संमतीपत्र’ या नावानं जोडलेला सापडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या ग्रंथालयात असतीलच. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा, बारा ते अठरा वयाच्या मुलाचा लेखी, आणि त्यासोबत पालकाची संमती, असं त्यांत स्पष्ट आहे. मुख्याध्यापक शाळेचं दार उघडू शकतात. मुलीच्या बोटातून रक्त काढायची परवानगी त्यांनी द्यायची नसते.

गृहपालाच्या किंवा मुख्याध्यापकाच्या सहीनं काय होतं, हे या देशानं खम्मममध्ये पाहिलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी आरोग्यसंस्था आणि आयसीएमआर त्यात होत्या. मुलींतल्या कितीतरी आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारनं काम थांबवलं. पुढे संसदीय समितीनं कागद तपासले, तर ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहांच्या गृहपालांच्या सह्या होत्या. लस उपयोगाची आहे, याबद्दल मला शंका नाही. माझ्या भाचीला मीच दिली. पण चांगली लस देतानाही आईबापांना न विचारणं चूक ठरलं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं त्या लसीचं नाव काढलं की लोक दचकत होते. आमच्या क्रीडा वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत आज जे अर्ज फिरतात, त्यांवरच्या सह्या याच जातीच्या आहेत.

एका वर्षी मासिक पाळी आणि क्रीडा कामगिरी असा विषय होता. विषय फार महत्त्वाचा, मीच आनंदानं मुली गोळा केल्या. संशोधकानं मुलींना व्हरांड्यात बसवलं, प्रश्नावल्या वाटल्या आणि ज्यांना कळेना त्यांच्यासाठी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले. पलीकडे आठवीतली मुलं कवायतीला उभी होती. त्या प्रश्नावलीत त्या दिवशी काय उत्तरं भरली गेली असतील, ते मुली जाणतात आणि मी जाणते. तुमच्या संख्याशास्त्रातल्या टी-मूल्याला ते कळणार नाही.

आता माझ्या सहीबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बारा आठवड्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम होता. प्रायोगिक गटात तीस मुलं, नियंत्रित गटात, म्हणजे तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेर ठेवलेल्या गटात, तीस. पूर्वचाचणी सप्टेंबरात झाली. संशोधक पहिले तीन आठवडे रोज सकाळी आला, मग आठवड्यातून एकदा, मग फोनवर. दसरा उलटला आणि ऊसतोड सुरू झाली. मुकादमाची उचल घेतलेली घरं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कारखान्यांकडे निघाली, त्यांच्याबरोबर प्रायोगिक गटातली आठ मुलंही गेली. डिसेंबरात उत्तरचाचणी झाली तेव्हा मैदानावर बावीस होती. प्रबंधात मात्र पूर्वचाचणीलाही तीस आणि उत्तरचाचणीलाही तीस. जी मुलं त्या आठवड्यात कर्नाटकात मोळ्या बांधत होती, त्यांची पन्नास मीटरची धाव तक्त्यात सुधारलेली दिसते. ०.०५ स्तरावर सार्थक फरक, म्हणजे सहसा निव्वळ योगायोगानं येणार नाही असा.

‘सदर संशोधकाने आमच्या शाळेत बारा आठवडे नियमित कार्यक्रम राबविला’ हा दाखला माझ्या हस्ताक्षरात आहे. त्यानं मागितला, मी लिहिला. तो गरीब घरचा होता, तासिका तत्त्वावर शिकवत होता, पीएच.डी. झाली तर कायम होईल असं म्हणत होता. त्याची कीव आली म्हणून मी खोटं लिहिलं. त्या दाखल्याच्या आधारानं आज कुठल्यातरी कॉलेजात मुलांना बारा आठवड्यांचा तोच कार्यक्रम शिकवला जात असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

२०२० मध्ये ब्राझीलमधल्या ताकदीच्या व्यायामावरच्या काही शोधनिबंधांबद्दल अभ्यासकांनी प्रश्न विचारले. इतके महिने चाललेल्या व्यायामातून कुणी गळत कसं नाही, सगळ्यांची प्रगती इतकी सारखी कशी होते, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे त्यांतले अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. मला ते वाचून आमचे तीस आणि तीस आठवले. खऱ्या मैदानावर मुलं गळतात. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचा बाप उचल घेतो. आठ मुलं ऊसतोडीला गेल्यामुळे गटाचं प्रशिक्षण मोडलं, असं त्या संशोधकानं खरं लिहिलं असतं, तर महाराष्ट्राच्या शालेय खेळाबद्दल ते एक मोलाचं पान झालं असतं. दर वर्षी ऑक्टोबरात आमचे संघ का फुटतात, हे कुणीतरी मोजून मांडावं म्हणून मी अजून वाट पाहते आहे. त्यानं तेच खोडलं.

"शाळेतल्या मुलांच्या आकड्यांनी कुणाचं काय बिघडतं?" असं एक मार्गदर्शक मला म्हणाले होते. त्यांना उत्तर द्यायला मी थोडी लांब जाते.

२०१४ मध्ये ओडिशाची धावपटू द्युती चंद ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेला निघण्याआधी संघातून वगळली गेली. अठरा वर्षांची मुलगी, शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक, जास्त म्हणून. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला आणि अ‍ॅथलेटिक्स महासंघाला सांगितलं, की जादा टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरावा दोन वर्षांत आणा. जुलै २०१७ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये निबंध आला. लेखक स्टेफान बर्मों आणि पिएर-इव्ह गार्निए, दोघे महासंघाशीच जोडलेले. २०११ च्या देगू आणि २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धांतल्या २,१२७ नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. ४०० मीटर, ४०० मीटर अडथळा, ८०० मीटर, हातोडाफेक आणि पोलव्हॉल्ट या प्रकारांत जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रियांची कामगिरी सरस दिसते, असा निष्कर्ष.

रॉजर पिल्के, रॉस टकर आणि एरिक बोये या तिघांनी मूळ आकडे मागितले. चार धावप्रकारांचेच मिळाले. त्यांत त्यांना साधारण सहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या नोंदी सदोष आढळल्या. एकच खेळाडू दोनदा, एकच वेळ दोनदा, आणि कुठल्याच अधिकृत निकालात नसलेल्या वेळा. लेखकांनी पुढे नोंदी गाळून नवं विश्लेषण छापलं, पण मूळ निबंध जागेवर राहिला. २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नवा नियम झाला. त्यात १५०० मीटरही आलं, जिथे या अभ्यासाला फरक सापडलाच नव्हता. हातोडाफेक आणि पोलव्हॉल्ट मात्र बाहेर राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिक उरकल्यावर, त्याच नियतकालिकानं दुरुस्ती छापली. अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा समजावा आणि त्यातून कार्यकारणभाव निघतो असा समज होणं दिशाभूल करणारं ठरू शकतं, असं लेखकांनी स्वतःच मान्य केलं. तोवर या नियमामुळे अडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू कॅस्टर सेमेन्याच्या ८०० मीटरची वर्षं निघून गेली होती.

स्त्रियांच्या शर्यतीत कुणी पळावं हा वाद अवघड आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं आकड्यांपुरतं आहे. एवढ्या मोठ्या नियतकालिकात, एवढ्या मोठ्या निर्णयाच्या तोंडावर, एक खेळाडू दोनदा मोजला गेला तर कुणाच्या तरी पायाखालची धावपट्टी जाते. आणि दोनदा मोजायची सवय कुठे लागते? पहिल्या प्रबंधात. तुमच्या टेबलासमोर.

तुमच्या अडचणी मला दिसतात. एकेका मार्गदर्शकाकडे आठ-आठ विद्यार्थी, प्रयोगशाळेला पैसा नाही, बढतीसाठी निबंधांची मोजदाद. पैसे भरून आठ दिवसांत छापणारी नियतकालिकं आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही जाहिराती टाकतात. विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ निकषांत बसली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, मग चार हजारांवर नावं मान्य नियतकालिकांच्या यादीतून काढली, त्या जागी केअर यादी आणली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर सोपवली. प्रबंध जमा करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे, ही अट २०२२ मध्ये गेली. म्हणजे घाई करण्याचं एक कारण तरी कमी झालं आहे. वाङ्मयचौर्याचं सॉफ्टवेअर तुम्ही आता प्रत्येक प्रबंधाला लावता, दहा टक्क्यांच्या आत आहे ना बघता. चांगलं आहे. पण न झालेल्या चाचणीचे आकडे त्या सॉफ्टवेअरला अगदी मूळचे आणि नवे दिसतात.

म्हणून मागणं आहे, आणि ते माझ्यासारखीला शक्य वाटतं तेवढंच आहे. तुमचा विद्यार्थी मैदानावर असताना एकदा तरी या. न सांगता या. मुलं किती आहेत ते मोजा, वहीत किती आहेत ते मोजा. शाई लागलेली, घामानं सुरकुतलेली ती मूळ वही विभागात ठेवून घ्या, नुसती संगणकातली स्वच्छ फाइल नको. गळालेल्या मुलांचा तक्ता नसेल तर प्रकरण परत पाठवा. फरक सार्थक आला नाही म्हणून रडवेल्या झालेल्या विद्यार्थ्याला सांगा, की तरीही तुझी पीएच.डी. होईल. हे वाक्य तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला खरं वाटणार नाही.

एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असावा, असं आयसीएमआर सांगते. ती खुर्ची बहुतेक ठिकाणी निवृत्त प्राचार्यांना मिळते. ती एखाद्या खेळाडू मुलीच्या आईला द्या, किंवा तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकाला. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचं असू द्या. आईबाप फडावर असतील तर घरात आजी असते, तिला ते वाचून दाखवा, आणि आईबापांना फोन लावून द्या. मी स्वतः लावून देईन. रक्त घेणार असाल तर कमी निघाल्यास काय करायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे आधी लिहून आणा आणि त्याच दिवशी करा.

आमच्या शाळेत या वर्षापासून एक गोष्ट सुरू केली आहे. चाचणी झाली की संशोधकानं मैदान सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या आकड्यांची चिठ्ठी द्यायची, आणि सांभाळण्यासारखं काही असेल ते मला व पालकांना वेगळं सांगायचं. मुख्याध्यापकांनी मान्यता दिली आहे. एका संशोधकानं कुरकुर केली, वेळ जातो म्हणाला. दुसरी एक मुलगी होती, तिनं चिठ्ठ्या रात्री बसून घरी लिहिल्या आणि सकाळी वाटल्या. मुलांनी त्या कंपासपेटीत ठेवल्या आहेत.

शेवटी एक वैयक्तिक विनंती. ज्या प्रबंधाबद्दल वर लिहिलं, त्याच्या परिशिष्टात तीस मुलींची नावं, वजनं आणि रक्ताचे आकडे आजही कुणालाही वाचता येतात. संबंधित विभागाला मी दोन पत्रं पाठवली आहेत, उत्तर नाही. विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. पण प्रत्येक विभागानं आपापल्या मार्गदर्शनाखालचे जुने प्रबंध एकदा उघडून परिशिष्टं बघावीत आणि अशी नावं झाकावीत, म्हणजे ते पानही त्यात येईल. तेविसाव्या ओळीतली मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. मागच्या वर्षी मी तिच्या घरी जाऊन तो आकडा तिला सांगितला आणि चारचौघांत बोलले होते त्याबद्दल माफी मागितली. त्या आठवड्यात आम्ही दोघी तालुक्याला जाऊन तिचं आणि तिच्या मोठ्या मुलीचं रक्त तपासून आलो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
माणदेशातली एक क्रीडाशिक्षिका